मॅडमांच्या मिशीला पीळ

माझ्यासारखा दीर मिळायला भाग्य लागतं, असं वहिनींना मी स्वतःच सांगत होतो! त्यांचं पहिलं पुस्तक, एका शाळेतल्या सरांची गोष्ट, उद्या छापखान्यात जायचं होतं आणि प्रकाशकांनी आयत्या वेळी कळवलं, "सरांच्या जागी मॅडम करा!"

"आता एकेक शब्द शोधत बसू?" वहिनी रडकुंडीला आल्या.

"शोधायचं कशाला? संगणकाच्या काळ्या पडद्यावर हुकमाची एक ओळ टाईप करायची. 'सर' दिसला की 'मॅडम' घाल! सगळ्या प्रकरणांच्या फायली एका दमात!"

"आधी मूळ प्रत ठेवा हं, भावोजी."

"वहिनी, मी रोज हेच करतो!" म्हणत मी एंटर दाबलंसुद्धा.

पापणी लवायच्या आत काम फत्ते! वहिनींनी कौतुकाने पहिलं पान वाचायला घेतलं. "'शाळेचा परिमॅडम पाहून मुलं भान विमॅडमली. एकजण घमॅडमून पडला.' भावोजी, ही कुठली भाषा?"

मी गारच पडलो. त्या ओळीला शब्द कुठे कळतात! 'विसरली'च्या पोटात लपलेला 'सर'ही तिने ओढून काढला होता.

"आणि हे? 'मॅडम मिशीला पीळ देत हसले!'"

"थांबा, उलटं फिरवतो! 'मॅडम' दिसलं की 'सर'!"

परिसर परत आला, मुलं रीतसर भान विसरली. पण गोष्टीत वाचनालयाच्या मॅडम मुळातच होत्या! आता 'वाचनालयाच्या सर पर्स सावरत आल्या!'

मूळ प्रत नव्हतीच. वहिनींची एवढी मेहनत मी मातीत घातली! मान खाली घालून बसलो. तर वहिनी हसत सुटल्या, इतक्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"बसा इथे. मी मोठ्याने वाचते, तुम्ही हाताने बदला. त्या ओळीचं नाव काढलंत तर बघा!"

बसलो. मिशीची वेणी झाली, 'हसले'चं 'हसल्या' झालं. मध्येच वहिनी थबकल्या.

"अहो, कुत्रा तिसऱ्या प्रकरणात हरवलाय ना? मग चौथ्यात दारात भुंकतोय कोण?"

आजवर कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं!

"वाचलो हो! तुमच्या घोळामुळे सापडलं, भावोजी. थँक्यू!"

आभार मी मानायचे, तर त्याच माझे मानत होत्या! मला खरंच भरून आलं.

पुस्तक छापून आलं. अर्पणपत्रिकेत लिहिलंय, 'भावोजींना, ज्यांच्यामुळे मी हे पुस्तक नीट वाचलं.' ते पान मी अख्ख्या ऑफिसात मिरवलं. त्याखालीच संगणकाच्या मदतीबद्दल मात्र त्यांनी शेजारणीचे आभार मानलेत. ते वाक्य तेवढं अंगठ्याखाली दाबून!