कलेची प्रेरणा आणि जून भेंडी

एका जंगलात सगळं होतं. झाडं होती, नदी होती, नदीत मगर होती. फक्त प्रेरणा नव्हती. आणि ती नाही, हे वरून कागद येईपर्यंत कुणाला ठाऊकही नव्हतं.

पोरांनो, नीट बसा. मागच्यांनी एकमेकांच्या शेपट्या ओढायच्या नाहीत. गोष्ट एकदाच सांगितली जाईल, ज्याचं लक्ष नसेल त्याने घरी जाऊन आपल्या आईला विचारावं.

तर त्या जंगलात वडाखाली एक शाळा होती. पोरं तेवीस. सशाची, हरणाची, माकडाची, वाघाचंसुद्धा एक. शिकवायला एक करकोचा होता, त्याला सगळे करकोचे गुरुजी म्हणत. गुरुजी एका पायावर उभे राहायचे, कारण दुसरा पाय कायम कुठल्या तरी बैठकीला निघालेला असायचा.

दुपारचं जेवण रांधायला गिरजाबाई होत्या. गिरजाबाई म्हणजे साळू. अंगावर काटे, जिभेवर त्याहून जास्त. चौथीपर्यंत शिकलेल्या. वाघाचं पोरगं त्यांच्यासमोर मुकाट्याने भेंडीची भाजी खायचं, यावरून काय ते समजा. गुरुजी पाठीमागे त्यांना जून भेंडी म्हणत. शिजत नाही आणि मोडतही नाही. तोंडावर म्हणायची त्यांची छाती नव्हती.

शुक्रवारी चित्रकलेचा तास असे. गुरुजी फळ्यावर दोन डोंगर काढत, मधे अर्धा सूर्य आणि खाली एक झोपडी. पोरं तेच पाटीवर काढत. त्या जंगलात डोंगर नव्हता आणि झोपडी कुणी पाहिली नव्हती. अस्वलाची एक पोरगी होती झिपरी. डोळ्यांवर केस आणि तोंडात प्रश्न. तिने एकदा विचारलं, सूर्य अर्धाच का. गुरुजी म्हणाले, परीक्षेत अर्धाच येतो. तेव्हापासून जंगलात अर्धाच सूर्य उगवू लागला. निदान पाटीवर तरी.

एके दिवशी सिंहमहाराजांच्या कचेरीतून कागद आला. खाली गोल लाल शिक्का. गुरुजींनी आधी शिक्क्याला नमस्कार केला, मग कागद वाचला.

‘बालकांसाठी कलेची प्रेरणा शोधून पंधरा दिवसांत सादर करावी. प्रेरणा न आढळल्यास शाळा बंद करून मुलांना नदीपलीकडच्या शाळेत घालावे. नदी ओलांडताना मगरीचे सहकार्य घ्यावे.’

गिरजाबाईंनी हातातली पळी खाली ठेवली. मगरीचं तोंड त्यांनी जवळून पाहिलं होतं. सशाची तीन पोरं एका घासात मावली असती आणि वर हरणाचं एखादं.

“कलेची,” गुरुजी चोच वर करून म्हणाले. “म्हणजे कलाबाईची. प्रेरणा ही कुणा कलाबाईची मुलगी असणार. हरवलेली दिसते.”

“गुरुजी, पोरगी हरवली की आई रडत येते. कागद येत नाही.”

“गिरजाबाई, तुम्ही खिचडी बघा.”

गिरजाबाईंनी खिचडी बघितली. गुरुजींनी शाळा समितीची दोन माकडं बरोबर घेतली, हाका मारायला एक पोपट घेतला, आणि सगळे प्रेरणाच्या शोधात निघाले. जंगल मदतीला फार तत्पर. रानडुक्कर म्हणालं, ती कालच इथून गेली, घाईत होती. घुबडाने तिचा रंग सांगितला. सरड्याने वेगळा सांगितला, आणि थोड्या वेळाने आणखी वेगळा.

इकडे तेवीस पोरं गिरजाबाईंच्या गळ्यात पडली. पहिल्या दिवशी त्यांनी दोन मडकी फोडली. दुसऱ्या दिवशी गिरजाबाईंनी सगळ्यांना चुलीसमोर ओळीने बसवलं, जो हलेल त्याला एक काटा असं सांगितलं, आणि स्वतः भेंडी चिरायला बसल्या. देठाकडची डेखं कापायची आणि मागे टाकायची. वीस वर्षं त्या हेच करत होत्या.

झिपरीने मागे पडलेलं एक डेख उचललं. हलायची बंदी होती, उचलायची नव्हती. ते शेजारच्या ओल्या हळदीत पडलं. तिने घाबरून काढलं आणि पुसायला दुसरं काही नाही म्हणून भिंतीला पुसलं.

भिंतीवर फूल उमटलं. पाच पाकळ्यांचं, पाकळीपाकळीत एक भोक, पिवळंधमक.

गिरजाबाईंनी मारायला हात उचलला होता. तो तसाच राहिला. त्यांनी भिंतीकडे बघितलं, मग हातातल्या भेंडीकडे, मग मागच्या कचऱ्याकडे. वीस वर्षं रोज त्यांनी टोपलीभर फुलं उकिरड्यावर टाकली होती आणि त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

“आणखी एक उमटव,” त्या म्हणाल्या. ओली हळद त्यांनीच पुढे सरकवली.

मग पोरांना कोण आवरतो. कांदा आडवा कापला, तर कड्यात कडं असं निघालं. सशाच्या पोरांनी त्याला तळ्यात दगड पडला असं नाव दिलं. कारल्याचं करवतीचं चाक झालं. केळीच्या दांड्यातून जाळीच जाळी निघाली. पळसाची फुलं उकळून केशरी केला, तव्याखालची काजळी खरवडून काळा, चूल सारवायचा गेरू कालवून लाल. ठिपके द्यायला गिरजाबाईंनी आपल्या पाठीचे चार काटे उपटून दिले. वाघाच्या पोराने नुसता पंजा उमटवला आणि सांगितलं, हे माझे बाबा. हरणाची पोरं दोन पावलं मागे सरली. झिपरी म्हणाली, तुझे बाबा भिंतीतून बाहेर येत नाहीत तेवढं बरं आहे. मग हरणाच्या पोरांनी त्या पंजाभोवती कारल्याची चाकं छापली आणि वाघाच्या बापाची बैलगाडी केली. वाघाचं पोरगं आधी फुरंगटलं. मग त्याने स्वतःच बैल काढले.

आठव्या दिवशी गुरुजी परतले. जंगलाच्या कडेला त्यांना कला नावाची एक म्हैस सापडली होती. तिची एक पारडी होती, तिला नावच नव्हतं, ते गुरुजींनी ठेवलं. कलाबाई म्हणाली होती, न्यायची तर न्या, पण चाऱ्याचं बघा.

गुरुजींनी पारडीला वडाखाली उभं केलं आणि घसा साफ केला.

“मुलांनो, ही प्रेरणा. सर्वांनी प्रेरणा घ्या.”

झिपरीने मागचे पाय धरले, वाघाच्या पोराने पुढचे. बराच वेळ खटपट झाली. मग झिपरी म्हणाली, “गुरुजी, जड आहे. पुढच्या वर्गात घेतली तर चालेल?”

तेवढ्यात गुरुजींचं लक्ष भिंतींकडे गेलं. त्यांचे दोन्ही पाय जमिनीवर टेकले. जंगलात हे पहिल्यांदाच घडत होतं. परवा कचेरीतून साहेब तपासणीला येणार आणि भिंतींची ही दशा, म्हणून त्यांनी ताबडतोब शेणाची पाटी मागवली. सगळं सारवून टाका, म्हणाले.

गिरजाबाई भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. अंगावरचा एकेक काटा उभा राहिला, खळखळ वाजला.

“आधी मला सारवा.”

गुरुजींनी शेणाची पाटी खाली ठेवली. तिच्यात नंतर पारडीने भर घातली.

साहेब आले. तरस होते. तरसाला कारण नसताना हसायची सवय असते आणि साहेब हसला की बाकीच्यांना हसावं लागतं, त्यामुळे तपासणी फार आनंदात झाली. साहेबांनी भिंती बघितल्या. फुलं बघितली, चाकं बघितली, बैलगाडीसमोर तर ते बराच वेळ थांबले.

“वा. ही कुणाची प्रेरणा?”

गुरुजींनी एकदा गिरजाबाईंकडे बघितलं, एकदा शिक्क्याच्या कागदाकडे. मग चोचीने पारडी दाखवली. “कलेची, साहेब.”

साहेबांनी पारडीच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. पारडीने तो खाल्ला. तिचा साधेपणा साहेबांना फार भावला. अशी प्रेरणा आडरानातल्या शाळेत कुजत ठेवणं बरं नव्हे, तिची गरज कचेरीला जास्त आहे, असं म्हणून ते तिला बरोबर घेऊन गेले. जाता जाता त्यांनी जमिनीवर सांडलेली हळद बघितली आणि हे कुणी केलं म्हणून विचारलं. भिंतीवर जे होतं ते प्रेरणाचं ठरलं होतं. जमिनीवर जे होतं ते गिरजाबाईंचं ठरलं.

चार दिवसांनी पुन्हा कागद आला. पुन्हा गोल लाल शिक्का, पुन्हा गुरुजींचा आधी नमस्कार.

‘सदर शाळेत आता प्रेरणा आढळत नाही. सबब सोमवारी सकाळी सर्व मुलांना नदीकाठी हजर करावे. मगरीला कळवले आहे. तसेच हळद सांडल्याबद्दल स्वयंपाकीणबाईंनी खुलासा द्यावा.’

गुरुजी म्हणाले, वरून आलंय, आपण काय करणार. आणि डबडबलेल्या डोळ्यांनी हजेरीपट घेऊन बसले. वाईट नव्हते ते. वाकायची सवय लागली होती, एवढंच.

गिरजाबाई पाण्याला नदीवर गेल्या. मगर काठावर येऊन बसली होती. दात घासून लख्ख. पोरं कितीशी आहेत, खाऊन पिऊन असतात ना, अशी तिने फार मायेने विचारपूस केली. गिरजाबाईंनी घागर भरली आणि एक शब्द न बोलता परत फिरल्या. गिरजाबाई एक शब्द न बोलता परत फिरल्या, हे पोरांनो, ध्यानात ठेवा. असं कधी होत नसे.

वाटेत त्या विचार करत होत्या. गुरुजी कागद आला की आधी काय बघतात? शिक्का. साहेब काय बघतात? शिक्का. मजकूर कुणी वाचतं का? वाचला असता, तर त्यातली मगर कुणाला तरी दिसली असती.

स्वयंपाकघरामागे भेंडीचा वाफा होता. त्यात एक भेंडी त्यांनी बियाण्याला राखली होती. वीतभर लांब, दोरखंडासारखी निबर, विळीलासुद्धा दाद न देणारी. गिरजाबाईंनी ती तोडली. सगळा जोर लावून आडवी कापली, आतलं बी काढून पोरांच्या हातात दिलं, म्हणाल्या मागे पेरा. मग भेंडीचं कापलेलं तोंड लाल गेरूत बुडवलं. कचेरीच्याच कागदावर मोकळ्या जागेत चौथीच्या वळणदार अक्षरात लिहिलं: ‘मुलं आहेत तिथंच बरी. हळद पुसली आहे.’ आणि खाली जोर देऊन ठसा हाणला.

गुरुजींनी कागद हातात घेतला. “हा शिक्का कुणाचा?”

“भेंडीचा.”

“भेंडीला काय अधिकार आहे, गिरजाबाई?”

“तुम्ही वाकलात की नाही आत्ता?”

गुरुजींची मान खरंच खाली गेली होती. आपोआप गेली होती. त्यांनी ती हळूच वर केली आणि पोपटाला कागद घेऊन धाडलं.

कचेरीत तरससाहेबांनी कागद बघितला आणि हसायचे थांबले. त्यांच्या ओळखीचा शिक्का गोल होता. हा पाच पाकळ्यांचा, शिवाय प्रत्येक पाकळीत एक भोक. जो शिक्का आपल्या ओळखीचा नाही तो आपल्या वरचा, हे त्यांना नोकरीत फार लवकर कळलं होतं. ते उठून उभे राहिले. त्यांनी प्रधानांना दाखवला, प्रधान उभे राहिले. प्रधानांनी सिंहमहाराजांना दाखवला. महाराजांनी विचारलं, हा माझाच का? नाही म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही. मग महाराज म्हणाले, छान आहे, जुन्यापेक्षा बरा आहे.

सोमवारी पोरं शाळेत बसली आणि मगर नदीत. ती बिचारी फार हिरमुसली म्हणतात. दात घासलेले तसेच वाया गेले.

प्रेरणा कचेरीतच राहिली. मोठी झाली, दूध देऊ लागली. प्रेरणेपासून इतका उघड फायदा त्या राज्यात आधी कधी झाला नव्हता, म्हणून तिचा सत्कार झाला. हार तिने खाल्ला.

गुरुजी अजून शुक्रवारी फळ्यावर दोन डोंगर काढतात. त्यांची सवय मोडायची नाही. पण मधली जागा आता मोकळी सोडतात. झिपरी उठते, भेंडीचं डेख हळदीत बुडवते आणि दोन डोंगरांच्या मधोमध सूर्य उमटवते. अख्खा.

तात्पर्य: प्रेरणा सापडली तर ती साहेबांना देऊन टाकावी. भेंडी मात्र आपल्याजवळ ठेवावी, आणि होईल तेवढी जून होऊ द्यावी.