तात्यांच्या पिकअपचं पासिंग

आमच्या शेजारच्या तात्यांच्या म्हशीच्या दोन्ही शिंगांवर चमकणाऱ्या पांढऱ्या पट्ट्या आहेत आणि पाठीमागे, शेपटीच्या वर बांधलेल्या पट्ट्यावर लाल. संध्याकाळी गाड्यांचे दिवे पडले की ती रस्त्याने एखाद्या छोट्या ट्रकसारखी चमकत येते. आमच्या सणसर गावात नवा आलेला माणूस दचकतो. तात्यांना विचारलं तर ते शांतपणे सांगतात, "पुढं पांढरा, मागं लाल. नियम हाय."

हा नियम मालवाहू गाडीला आहे, म्हशीला नाही, असं मी एकदा म्हणाले.

"मग म्हस काय मोकळी येती व्हय आक्का? दूध भरून येती."

मुलांनो, तुम्हाला तात्या आठवतील. मागच्या खेपेला तुम्ही परत निघालात तेव्हा ज्यांनी तुमच्या बॅगा अंगणात उलट्या करून एकेक चाक फिरवून पाहिलं होतं, ते. निळ्या बॅगेचं डावं चाक लबाड आहे, हे तेच म्हणाले होते. ते चाक तिकडच्या विमानतळावर निखळल्याचं तुमच्या आईने फोनवर सांगितलं आणि मी ते तात्यांना सांगण्याची चूक केली. पुढचा आठवडाभर गावात दुसरी बातमी नव्हती.

तात्यांकडे एक जुनी पिकअप आहे. रोपवाटिकेतून उसाची रोपं शेतावर पोचवायची आणि येताना कुणाची तरकारी बारामतीला टाकायची, हा त्यांचा धंदा. अशी मालवाहू गाडी ठरावीक मुदतीने आरटीओपुढे उभी करून तपासून घ्यावी लागते. दिवे, ब्रेक, टायर, सगळं पाहून ती रस्त्यावर चालायला योग्य आहे असा दाखला मिळतो. इकडे त्याला पासिंग म्हणतात. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दोन वर्षांनी एकदा असतं, नंतर दरवर्षी.

बहुतेकांना हा ताप वाटतो. तात्यांना तो सण वाटतो. पासिंगच्या आधी महिनाभर त्यांच्या बोलण्यात दुसरा विषय नसतो. गाडीचे सगळे कागद ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पोटाशी, बंडीच्या आतल्या खिशात ठेवतात. "गाडी मेली तर ढकलता येती. कागूद मेला तर जाग्यावरनं हलायचं न्हाय," हे त्यांचं म्हणणं. दाखल्याची मुदत संपलेल्या गाडीत ते बसतसुद्धा नाहीत. एका लग्नाला निघालेल्या चुलतभावाच्या गाडीतून ते काटेवाडीला उतरले होते, कारण बोलता बोलता पीयूसी, म्हणजे धुराचा दाखला, संपल्याचं त्याच्या तोंडून निघून गेलं. उरलेला रस्ता तात्या फेट्यासकट चालत गेले.

हळूहळू हे पासिंग गाडीपुरतं राहिलं नाही. पुतणीला पाहायला आलेल्या मुलाला तात्यांनी फाटकापर्यंत जाऊन परत यायला सांगितलं. मुलगा बिचारा जाऊन आला. तात्या मान हलवत म्हणाले, "उजवीकडं वढतोय." लग्न झालं, संसार छान चाललाय, पण जावई आला की तात्या अजून त्याच्या चपलांचे तळ उलटे करून पाहतात. माझ्या काठीलाही त्यांनी खाली लाल पट्टी लावली आहे. मी ती काढली. त्यांनी पुन्हा लावली. आता मी काढत नाही.

आता मुख्य गोष्ट. यंदा पासिंगची वेळ ऑनलाइन घ्यायची होती आणि फॉर्म इंग्रजीत होता, म्हणून तात्या माझ्याकडे आले. दाखला मंगळवारी संपत होता आणि सोमवारची वेळ मिळाली. ती हुकली असती तर पुढची वेळ थेट तीन आठवड्यांनी होती. तीन आठवडे गाडी दारात उभी राहणार, हे ऐकल्यावर तात्यांनी खिशातली कागदांची पिशवी बाहेर काढली आणि तशीच परत ठेवली. मला वाटलं, रोपांच्या हंगामाचा विचार करत असतील.

"आक्का, तुमी चला संगट," ते म्हणाले. "आरटीओतल्या मॅडम नवीन हायेत. इंग्रजीत काय इचारलं तर?"

मी गेले. आधी तात्यांनी चाकं तपासली, आरसे पुसले, मग मला मागे, रोपांच्या रिकाम्या ट्रेंमध्ये, उशी टाकून बसवलं... असं काही तुमच्या मनात आलं असेल तर नाही. मालाच्या हौद्यात माणूस बसवणं नियमात नाही. मी पुढे, पट्टा लावून, ताठ बसून गेले. गाडीत चढायला मला अजिबात त्रास झाला नाही, याचं मला थोडं आश्चर्य वाटलं आणि मी ते वय राखल्याच्या खात्यावर जमा केलं.

मैदानात गाड्यांची रांग होती. तात्यांची पिकअप त्यात नवरीसारखी दिसत होती. नवीन पट्ट्या, धुतलेले टायर, आणि चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, काळा कुळकुळीत रंग. तात्यांनी तो स्वतः दिला होता, दोन हात.

निरीक्षक मॅडम तिशीच्या असतील. दिवे पाहिले, ब्रेक पाहिला, हॉर्न ऐकला. तात्या प्रत्येक वेळी, न विचारता, कुठली वस्तू कधी बदलली ते सांगत होते. मग मॅडमनी चेसिस नंबर पाहायला वाकून टॉर्च लावला.

नंबर नव्हता.

लोखंडात ठोकलेला तो नंबर म्हणजे गाडीची ओळख. तो कागदाशी जुळल्याशिवाय पुढे काही होत नाही. आणि तात्यांनी तो दोन हात रंगाखाली, आपल्याच हाताने, पुरून टाकला होता. कौतुकाने.

"आजोबा, नंबर कुठंय?" मॅडमनी विचारलं.

तात्या खाली वाकले आणि तसेच राहिले. साऱ्या गावाच्या गाड्यांचे दोष काढणारा माणूस आपल्याच गाडीखाली तोंड घालून नखाने रंग खरवडत होता. मागच्या रांगेतला एक ड्रायव्हर म्हणाला, "तात्या, जास्त मेकअप झाला बघा." सगळे हसले. तात्या हसले नाहीत.

नंबर आणखी कुठे दिसतो का म्हणून मॅडम दुसऱ्या बाजूला गेल्या. तिथे त्यांना दुसरंच काही दिसलं. डाव्या दाराखाली जाड पत्र्याची एक रुंद पायरी जोडलेली होती, गाडीच्या बाहेर वीतभर आलेली. सकाळी मी तिच्यावरच पाय देऊन चढले होते.

ही कंपनीची नाही, नोंदणीत नाही, बाहेर आली आहे, शेजारून जाणाऱ्या सायकलवाल्याचा पाय कापेल, असं मॅडमनी एकेक करून सांगितलं. त्यांचा शब्द न् शब्द बरोबर होता. हेच सगळं तात्यांनी दुसऱ्या कुणाला तरी ऐकवलेलं मी स्वतः ऐकलं आहे.

"नंबर साफ करा, पायरी कापून टाका, मग बघू," त्या म्हणाल्या.

"नंबर करतो," तात्या म्हणाले. "पायरी ऱ्हाऊ द्या."

मी चमकले. नियमाला 'राहू द्या' म्हणणारे तात्या मी कधी पाहिले नव्हते.

मॅडमनी कारण विचारलं. तात्यांनी इकडे तिकडे पाहिलं, मागचा ड्रायव्हर ऐकत नाही ना याची खात्री केली आणि हळू आवाजात सांगितलं.

"आमच्या हिचा पाय उचलत न्हाय. उचलून बसवली की रडती. आपल्या पायानं चढली की दिसभर बोलती."

सुमनला, म्हणजे तात्यांच्या बायकोला, तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, हे मला माहीत होतं. ती घराबाहेर पडत नाही, हेही मला माहीत होतं, किंवा तसं मला वाटत होतं. रोज सकाळी उजाडताना पिकअप सुरू झाल्याचा आवाज मी अंथरुणातून ऐकते आणि तात्या एवढ्या लवकर रोपवाटिकेत काय करतात म्हणून नवल करते. ते दोघं तेव्हा कालव्यापर्यंत जाऊन येतात, हे तात्यांच्या तोंडून मला तिथे कळलं. लोकांनी बघायला नको, असं सुमन म्हणते म्हणून त्या वेळी.

मॅडमनी टॉर्च बंद केला. त्यांनी पायरीवर एकदा स्वतः पाय देऊन पाहिला. नियम त्यांनी सोडला नाही, हे मला फार आवडलं.

"गाडीला जोडलेलं चालणार नाही," त्या म्हणाल्या. "सुटं स्टूल गाडीत ठेवलं, तर ते सामान. सामानाचं पासिंग मी करत नाही. दोन वाजेपर्यंत या."

तात्यांना ते कळायला एक क्षण लागला. मग ते इतक्या जोरात निघाले की मला बाकावर बसायचंही सांगायला विसरले. रस्त्यापलीकडच्या वेल्डिंगच्या दुकानात पायरी कापली गेली आणि त्याच पत्र्याला चार पाय बसले. तात्यांनी ते स्टूल चारही बाजूंनी हलवून पाहिलं, एक पाय पुन्हा घासून घ्यायला लावला आणि मग त्यावर स्वतः तीनदा चढले, उतरले.

तोवर थिनरने रंग उतरत होता. मी चष्मा पुसून वाकले आणि एकेक अक्षर मोठ्याने वाचू लागले. तात्या आरसी बुकावर बोट ठेवून जुळवत होते. शेवटचा आकडा जुळला तेव्हा त्यांनी "हाय" म्हणून एवढा मोठा श्वास सोडला की त्या कागदानेच टुणकन उडी मारली. दोनला दहा मिनिटं असताना गाडी पास झाली. येताना त्यांनी मला काटेवाडीला उसाचा रस पाजला आणि मॅडमच्या कामाला शंभरपैकी शंभर दिले. हे त्यांनी आजवर कुणाला दिलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी उठून खिडकीशी गेले. पिकअप दारात होती, डावं दार उघडं. खाली स्टूल ठेवलेलं. सुमनने दाराची कड धरली होती. तात्या तिच्याकडे पाठ करून मागच्या टायरची हवा बघत होते. त्या टायरला काही झालेलं नव्हतं. पहिल्यांदा पाय स्टुलाच्या कडेला लागला. दुसऱ्यांदा घसरला. तात्या टायर बघतच राहिले. तिसऱ्यांदा ती चढली, वळली, बसली. मग तात्यांनी स्टूल उचलून आत ठेवलं, दार लावलं आणि गाडीला एक फेरी मारून पुढचे मागचे दिवे पाहिले.

मी पडद्याआड सरकले. गाडी वळणापर्यंत गेली तरी इंजिनाच्या आवाजातूनही सुमनचं बोलणं ऐकू येत होतं, आणि मधूनमधून तात्यांचं "व्हय."