कलम एक ते पाच: नाकबूल

दिवाणी वकील कशालाही घाबरत नाही.

हे वाक्य नाकबूलसाहेब वकिलांच्या खोलीत आठवड्यातून एकदा तरी ऐकवत. ऐकवताना त्यांची पाठ भिंतीला टेकलेली असे, कारण मागून कुणी हाक मारली की ते दचकत. खरं सांगायचं तर ते लिफ्टला घाबरत, हसऱ्या न्यायाधीशांना घाबरत आणि बंद पाकिटांना तर फारच घाबरत. पण सगळ्यात जास्त भीती त्यांना गप्प बसण्याची वाटे.

त्याला कारण होतं. दिवाणी कामात समोरच्याने लिहिलेली गोष्ट तुम्ही नाकारली नाहीत, तर ती तुम्हाला मान्य आहे असं धरतात. वकिलीच्या पहिल्याच वर्षी त्यांच्याकडून एका कलमाला उत्तर द्यायचं राहून गेलं आणि अशिलाचा जिना गेला. नुसता जिना! वरचा मजला अशिलाकडेच राहिला, पण तिथे जायचं कसं? तो माणूस सात महिने शेजारच्या गच्चीवरून शिडी लावून घरी जात होता, आणि प्रत्येक पायरीला साहेबांचं नाव घेत होता.

त्या दिवसापासून सत्तावीस वर्षं साहेबांनी समोरून आलेलं काहीही कबूल केलेलं नव्हतं. सगळं नाकबूल! त्यावरून कोर्टात त्यांना हे नाव पडलं आणि खरं नाव फक्त पाटीवर उरलं. घरीही तेच.

"अहो, गॅस चालू ठेवलात का?" बायको विचारी.

"नाकबूल."

"दूध उतू गेलंय!"

"मजकूर खोटा व खोडसाळ."

बायको औषधांच्या दुकानात कामाला होती. दिवसभर बारीक अक्षरं वाचून आलेल्या बाईला भांडायला डोळे उरत नसत. ती ओटा पुसून घेई.

तर या साहेबांवर यंदा संकट आलं. वकील परिषदेने नियम काढला, की दिवाणी काम करणाऱ्या प्रत्येक वकिलाने वर्षात बारा तास प्रशिक्षण घ्यायचं. न घेतल्यास वर्ष संपताच सनद स्थगित! साहेबांनी सवयीप्रमाणे अकरा महिने मनातल्या मनात तारखा घेतल्या. बाराव्या महिन्यात मात्र ते निमूट जाऊन बसले.

दोन दिवस, सहा-सहा तास. सभागृहात गारठा असा की भाजी ठेवली असती तर आठवडाभर टिकली असती. दावा मुदतीत कसा लावावा, उलटतपासणी कशी घ्यावी, कागद कसे जोडावेत, सगळं साहेबांनी ऐकलं. सकाळ, दुपार, संध्याकाळ सह्या केल्या. शेवटचा तास एका निवृत्त न्यायाधीशांचा होता. विषय, 'समोरच्याच्या म्हणण्याला उत्तर कसे द्यावे'.

"हे मला शिकवणार?" साहेब पुटपुटले आणि डोळे उघडे ठेवून झोपले. ही कला त्यांनी पंचवीस वर्षं इतरांचे युक्तिवाद ऐकून कमावली होती.

बारा तास भरले. आता घाबरायचं काही कारण नव्हतं, म्हणून साहेबांना जास्तच भीती वाटू लागली.

मंगळवारी पाकीट आलं.

वर्ष शुक्रवारी संपत होतं. त्यानंतरच्या सोमवारी भिंतवाल्या मावशींच्या दाव्यात शेवटचा युक्तिवाद होता. शेजाऱ्याने या मावशींच्या खिडकीसमोर हातभर अंतरावर भिंत बांधली होती. एकोणीस वर्षं त्या दिवसाही दिवा लावून भाजी चिरत होत्या. आता त्या ब्याऐंशी वर्षांच्या होत्या आणि दर तारखेला स्वतःची उशी घेऊन कोर्टात येत.

"सोमवारी तूच उभा राहायचास हो," त्यांनी बजावलं होतं. "नवा वकील मला परवडायचा नाही. तुला समजावून सांगण्यातच एकोणीस वर्षं गेली."

म्हणजे सनद शुक्रवारनंतरही टिकायलाच हवी होती. आणि समोर परिषदेचं पाकीट!

साहेबांचे म्हातारे कारकून, भाऊ, यांनी ते फोडून टेबलावर ठेवलं. साहेबांनी पत्र दोन बोटांनी उचललं. विषय: 'आपल्या प्रशिक्षणाच्या उपस्थितीबाबत.' खाली पाच कलमं. आणि पानाच्या तळाशी ठळक अक्षरांत: 'याबाबत काही म्हणणे असल्यास तीन दिवसांत कळवावे. न कळवल्यास–'

तिथे पान संपलं. साहेबांचा श्वासही तिथेच संपला.

"भाऊ! नोटीस आली! सनद चालली!"

"साहेब, मी एकदा वाचून दाखवतो–"

"नको! वाचू नका!" साहेबांनी डोळे गच्च मिटले. "माझी छाती धडधडतेय. नेहमीसारखं करा. तुम्ही कलमाचा आकडा सांगा, मी उत्तर सांगतो."

ही त्यांची जुनी पद्धत होती. घाईच्या कामात भाऊ नुसता आकडा म्हणत, साहेब नकार सांगत, आणि दोघांचं जेवणाच्या सुट्टीआधी आटपे.

"कलम एक," भाऊ म्हणाले. "पण साहेब, यात तर–"

"कलम एक साफ नाकबूल! मजकूर खोटा, खोडसाळ आणि रचलेला आहे. पुढे!"

"कलम दोन. साहेब, जरा ऐकून तरी–"

"कलम दोनमध्ये नमूद तारखांना, नमूद ठिकाणी, मी तर नव्हतोच, माझी सावलीही नव्हती. पुढे!"

कलम तीन नाकबूल. कलम चार बदनामीकारक. कलम पाचमध्ये लिहिलेली गोष्ट करण्याचा परिषदेला अधिकारच नाही! सत्तावीस वर्षांत भाऊंनी साहेबांना तीनदा अडवून पाहिलं होतं. तिन्ही वेळा त्यांना जिन्याची गोष्ट पहिल्यापासून ऐकावी लागली होती. ते खाली मान घालून टाइप करत राहिले. सहा पानं झाली. साहेबांनी सही केली, शपथ घेतली, आणि भाऊ जाऊन परिषदेच्या शिक्क्याची पोच घेऊन आले. ती पोच छातीशी धरल्यावर कुठे साहेबांना घोटभर पाणी गेलं.

संध्याकाळी साहेबांनी घरी आणलेलं पत्र बायकोने टेबलावरून उचललं.

"हे काय आलंय?"

"नोटीस होती. दिलं उत्तर ठणकावून!"

तिने चष्मा लावला. पहिलं कलम वाचलं, दुसरं वाचलं, आणि तिच्या चेहऱ्यावर असे भाव आले जसे चुकीच्या गोळ्या घेऊन गिऱ्हाईक निघून गेल्यावर येतात.

"अहो, कलम एक. 'आपण या परिषदेचे सनदधारक वकील आहात.' याला काय लिहिलंत?"

साहेबांनी पोच खिशात सरकवली.

"कलम दोन. 'आपण दोन्ही दिवस सभागृहात उपस्थित होतात.' तीन. 'आपण बारा तास पूर्ण केले आहेत.' चार. 'आपले वर्तन सभ्य होते.' पाच. 'परिषद आपले अभिनंदन करत आहे.'" तिने वर पाहिलं. "अभिनंदनाला काय लिहिलंत?"

"अधिकार नाही म्हणून लिहिलं," साहेब म्हणाले. आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

"आणि मागे लिहिलंय ते?"

"मागे?"

तिने पान उलटलं. मागच्या बाजूला दीडच ओळ होती. ती तिने सावकाश वाचली. "'–वरील मजकूर आपणास मान्य आहे असे समजून प्रमाणपत्र घरपोच पाठवण्यात येईल.'"

म्हणजे गप्प बसले असते तरी काम झालं असतं! नव्हे, गप्प बसणं एवढंच काम होतं!

"मी औषधाच्या बाटलीची चिठ्ठीसुद्धा दोन्ही बाजूंनी वाचते हो," ती म्हणाली. त्या रात्री ते जेवले नाहीत, आणि जेवला का नाहीत असं विचारल्यावर पहिल्यांदाच काही नाकारलंही नाही.

बुधवारी उघडायच्या वेळेलाच साहेब परिषदेच्या दारात हजर! खिडकीमागे नोंदणीच्या बाई बसल्या होत्या. चष्मा साखळीला, शिक्का उजव्या हाताला.

"आपण कोण?"

"मी वकील–"

बाईंनी सहा पानांची चळत पुढे ओढली. "कलम एकमध्ये तुम्ही शपथेवर म्हटलंय, की नाही म्हणून."

"ती लिहायची एक पद्धत असते हो!"

"शपथ घ्यायचीही पद्धतच असते का?"

साहेबांनी खिडकीतून चळतीकडे हात लांबवला; बाईंनी ती मागे ओढली.

"आणि कलम चार मला समजलंच नाही," बाई म्हणाल्या. "आम्ही लिहिलं, वर्तन सभ्य होतं. तुम्ही लिहिलंय, 'सदर आरोप बदनामीकारक असून मी असे वर्तन आयुष्यात कधीही केलेले नाही.'"

"बाई, ते कागद परत द्या ना. मी दुसरे आणतो."

"शिक्का बसलाय. आता समितीपुढे सुनावणी होईल. शुक्रवारी तीन वाजता. तोवर बारा तास शून्य धरलेत." त्यांनी पुढची वही उघडली. "आणि इथून हला जरा. ही रांग वकिलांची आहे."

पुढचे दोन दिवस साहेबांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. फोन वाजला की त्यांच्या हातून पेन पडे. कोटाकडे पाहिलं की डोळ्यांत पाणी येई. कुणी 'काय वकीलसाहेब' म्हटलं की ते मागे वळून बघत, कोण वकील? गुरुवारी मावशींचा फोन आला.

"नवी उशी शिवलीय रे सोमवारसाठी," त्या म्हणाल्या. "निकाल लागला की तिथेच ठेवून येणार, कोर्टाला आठवण."

साहेबांनी फोन ठेवला आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. तीनदा.

शुक्रवारी बायको रजा काढून बरोबर आली. "एकटे गेलात तर आणखी काहीतरी नाकबूल करून याल," ती म्हणाली.

समितीच्या खुर्चीत तेच निवृत्त न्यायाधीश बसले होते, शेवटच्या तासाचे! आणि ते हसत होते.

न्यायाधीशांनी हजेरीचा कागद पुढे केला. काम अगदी सोपं होतं. एक शब्द बोलायचा होता.

"ही सही तुमचीच ना?"

"नाकबूल!"

शब्द कधी सुटला ते साहेबांना कळलंच नाही. नोंदणीच्या बाईंची लेखणी थांबली.

"अहो!" मागून बायको ओरडली.

"म्हणजे... क... कब..." साहेब लाल झाले, खोकले, टेबलाला धरून उभे राहिले. सत्तावीस वर्षं न वापरलेला शब्द. गंजलेल्या नळातून यावं तसा आधी नुसता आवाज आला. लग्नातही त्यांनी मान हलवून भागवलं होतं. "कबूल!"

"छान. मग शेवटच्या तासाला मी काय शिकवलं, सांगा."

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं.

"साहेब," ते म्हणाले, "मी झोपलो होतो."

"माहीत आहे. तिसरी रांग, खांबाशेजारी. डोळे उघडे ठेवून झोपलेला माणूस मला लांबून ओळखू येतो. तीस वर्षं न्यायासनावर काढली आहेत मी." त्या तीस वर्षांत झोपायचं कोण, वकील की ते स्वतः, हे विचारायची हिंमत कुणाला झाली नाही. "अकरा तास मान्य. बारावा तास झोपेत गेला, तो धरता येणार नाही."

"पण साहेब, वर्ष आज संपतंय! सोमवारी माझ्या मावशींचा–"

"कार्यालय पाचला बंद होतं. आता तीन पन्नास झालेत. बसा. तास घेऊ."

आणि तास झाला. विद्यार्थी एक, पालक एक. साहेबांनी परिषदेचं ते पत्र मोठ्याने वाचलं, पुढून आणि मागून, चार वेळा. मग स्वतःच्या हाताने नवं उत्तर लिहिलं. कलम एक, कबूल. कलम दोन, कबूल. प्रत्येक 'कबूल'ला त्यांना वाटे, आता कुणाचा तरी जिना गेला. चौथ्या कलमाला ते अडखळले.

"वर्तन सभ्य होतं, हे कबूल करू?"

"घोरत नव्हतात," न्यायाधीश म्हणाले. "करा."

चार पंचावन्नला प्रमाणपत्र हातात पडलं. साहेबांनी पोचेवर सही करण्याआधी ते उलटून पाहिलं. मागे कोरं होतं. त्यांनी पुन्हा एकदा उलटून पाहिलं.

सोमवारी साहेब कोर्ट उघडायच्या आधी पाऊण तास पोचले. कोटाच्या आतल्या खिशात प्रमाणपत्र, हातात मावशींचे कागद, प्रत्येक कागद दोन्ही बाजूंनी वाचलेला. भाऊ मागे फायली घेऊन उभे. मावशी पहिल्या बाकावर, नव्या उशीवर. एकोणीस वर्षांत प्रथमच साहेबांना कशाचीही भीती वाटत नव्हती. ते उभे राहिले, तेसुद्धा भिंतीपासून चार हात लांब!

तेवढ्यात आतून शिरस्तेदार आले.

"आज न्यायाधीशसाहेब बसणार नाहीत," ते म्हणाले. "दोन दिवस प्रशिक्षणाला गेलेत."

"कसलं प्रशिक्षण?" मावशींनी विचारलं.

शिरस्तेदारांनी हातातला कागद पाहिला. "'जुने दिवाणी दावे लवकर कसे निकाली काढावेत.'"

मावशींनी उशी काखोटीला मारली. पुढची तारीख अकरा महिन्यांनंतरची मिळाली.