चिमणाबाईचे नवे दिवे

मोटारीचे दिवे बदलायला मेकॅनिक लागतो असं मानणाऱ्या माणसांची मला कायम कीव येत आली आहे. म्हणजे एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या डिसेंबरपर्यंत तरी येत होती!

कारण मी साधासुधा मोटारवाला नव्हतो. कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात अकरावीला फिजिक्स शिकवत होतो, आणि ‘प्रकाश’ हे माझं हुकमी प्रकरण होतं. आरसे, भिंगं आणि किरण फळ्यावर असे काही सरसर काढायचो की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा जागी व्हायची. खडूच्या आवाजानं का होईना, पण व्हायची.

त्यात माझ्याकडे गाडी होती. शाळामास्तराकडे गाडी! बावन्न सालची मॉरिस, सहाव्या की सातव्या मालकाकडून माझ्याकडे आलेली. सुरू होण्याआधी ती बराच वेळ नुसती चिवचिव करायची, म्हणून आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे नंदिनीनं, तिचं नाव चिमणाबाई ठेवलं होतं. चिवचिवाटानं भागलं नाही की समोरचे हंबीरराव धक्का द्यायला यायचे. हंबीरराव एके काळचे पैलवान. त्यांनी पाठ लावली की चिमणाबाईची बिशाद नव्हती सुरू न होण्याची! मग सगळी राजारामपुरी "निघाली, निघाली!" म्हणून ओरडायची. हल्लीच्या गाड्या गुपचूप सुरू होतात आणि गुपचूप जातात. गल्लीला पत्ता लागत नाही. मला त्यात काही मजा वाटत नाही.

चिमणाबाईला एकच व्यंग होतं. तिला अंधारात दिसत नसे. दिवे मुळातच मिणमिणते. त्यात एकाहत्तरच्या युद्धात ब्लॅकआउटचा हुकूम निघाला, तेव्हा मी दोन्ही दिव्यांच्या काचांचा वरचा अर्धा भाग काळा करून टाकला होता. शाळेतल्या फळ्यांना लावून उरलेला रंग, अगदी पक्का! युद्ध संपलं, सगळीकडे पेढे वाटून झाले, रंग तसाच राहिला.

"अहो, आता तरी खरवडून टाका की तो रंग," नंदिनी म्हणायची.

"हुकूम मागे घेतल्याचं परिपत्रक मला आलेलं नाही," मी म्हणायचो. मास्तर माणूस! परिपत्रकाशिवाय आम्ही शिंकतसुद्धा नसू. त्यामुळे आम्ही कुठंही गेलो तरी दिवस मावळायच्या आत घरी यायचो.

अशात नेसरीहून आण्णा आले. आण्णा म्हणजे नंदिनीचे वडील, त्र्यंबकराव, निवृत्त हेडमास्तर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले आणि शनिवारी मिरजेला ऑपरेशन ठरलेलं. त्या काळी हे ऑपरेशन म्हणजे थट्टा नव्हती. दिवसच्या दिवस डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान म्हणून हलवायची नाही! आण्णांनी उभ्या आयुष्यात कुणाला भीक घातली नव्हती, पण त्या आठवड्यात ते फार गप्प झाले होते. चहाची बशी चाचपडत उचलायचे आणि कुणी बघितलं तर नाही ना म्हणून कान टवकारायचे.

एका संध्याकाळी ते म्हणाले, "जावईबापू, एक मागू काय? शिरोळच्या शाळेत मी एकवीस वर्षं होतो. दर गुरुवारी शाळा सुटली की चालत नरसोबाच्या वाडीला. पालखी कधी चुकवली न्हाय. शनिवारी डोळ्यांचं काय व्हायचं ते होऊ दे. त्याच्या आधी या गुरुवारी एकदा पालखी बघतो. दिसंल तेवढी."

नंदिनी डोळ्याला पदर लावून स्वयंपाकघरात निघून गेली. पण पालखी निघते दिवेलागणीनंतर. म्हणजे वाटेत अंधार!

"आपण टॅक्सी ठरवू," नंदिनी बाहेर येऊन हळूच म्हणाली.

"घरात गाडी असताना टॅक्सी? अगं, मी नवे बल्ब बसवतो. डबल पॉवरचे! वाडीला लोकांना वाटेल, दिवस पुन्हा उगवला!"

दुसऱ्याच दिवशी लक्ष्मीपुरीत मोटारीच्या सामानाच्या दुकानात गेलो आणि सगळ्यांत जोरदार बल्ब मागितले. नेमके तिथं मीरासाब उभे होते. मोटारींच्या वायरिंगमध्ये त्यांचा हात धरणारा कोल्हापुरात कुणी नव्हता. माझ्या हातातले बल्ब बघून त्यांनी कपाळावर हात मारला.

"मास्तर, बल्ब काय, सूर्य बी बसवाल! पर मागची वायर किती वर्साची हाय? जळंल की! गाडी आणा माझ्याकडं, उद्या बघतो."

"मीरासाब, तुम्हाला ओहमचा नियम ठाऊक आहे?"

"ओहमसाहेब मोठा माणूस आसंल. पर त्येनं तुमची मॉरिस बघितलेली न्हाय!"

दुकानातले सगळे हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"बरं, ऱ्हायलं," मीरासाब म्हणाले, "निदान काच काढताना..."

"काचेचं मला सांगू नका! मी प्रकाश शिकवतो!" असं म्हणून मी ताडताड बाहेर पडलो.

बुधवारी दुपारी शाळा सुटल्यावर अंगणात वर्तमानपत्र अंथरलं आणि कामाला लागलो. रिंगा काढल्या. काचा काढल्या. नंदिनीनं त्या राखेनं घासून लख्ख धुऊन दिल्या. फळ्याचा रंग मात्र जिथल्या तिथं! जुने बल्ब काढले, नवे बसवले, काचा लावल्या आणि रिंगा पिळायला घेतल्या.

"अहो, एक विचारू का?" नंदिनी म्हणाली.

"नको."

"नाही, पण ते दिवे..."

"नंदिनी, ऑपरेशन चालू असताना कुणी डॉक्टरला प्रश्न विचारतं का?"

रिंगा बसेपर्यंत दिवेलागण होऊन गेली. मी स्विच ओढला. फट्! फ्यूज गेला. नवा घातला, तोही गेला. आता असल्या वेळी काय करायचं नाही, ते मी दर वर्षी पोरांना घसा फोडून सांगतो. फ्यूजच्या जागी जाड तार घालायची नाही! तर मी तिथं जाड तार घातली आणि पुन्हा स्विच ओढला.

काय उजेड पडला म्हणून सांगू! समोरच्या माडीवरची गॅलरी दिवसासारखी उजळून निघाली. गॅलरीत हंबीरराव पंचा नेसून बसले होते आणि त्यांच्यापुढं तांबड्या रश्श्याचं ताट होतं. ते डोळ्यांवर आडवा हात धरून ओरडले, "कोन हाय रं त्यो? जेवू देतासा का न्हाय?" त्या गडबडीत वाटी लवंडली आणि रस्सा सगळा पंच्यावर!

"बघितलंस?" मी नंदिनीला म्हणालो. "रस्ता सोड, पार दुसऱ्या मजल्यापर्यंत उजेड जातो!"

उजेड दुसऱ्या मजल्यापर्यंत का जातो, हा प्रश्न फिजिक्सच्या मास्तराला पडायला हवा होता. पडला नाही.

गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आण्णा दुपारपासूनच धुतलेलं धोतर नेसून तयार होते. मी चिमणाबाईत बसलो. चिव, चिव, चिव. सवयीनं हाक मारली, "हंबीरराव!"

गॅलरीतून उत्तर आलं, "पंचा अजून वाळतोय, मास्तर!" आणि दार लागलं.

मग मी, नंदिनी, दूधवाला आणि पोस्टमन अशा चौघांनी धक्का मारायला सुरुवात केली. नंदिनीनं हंबीररावांच्या कारभारणीची माफी मागितली, तिनं आत जाऊन काहीतरी सुनावलं, तेव्हा कुठं पैलवान खाली उतरले आणि चिमणाबाई निघाली. तोवर दीड तास गेला होता. हिवाळ्याचा दिवस! जयसिंगपूर मागं पडलं तेव्हा सूर्य बुडाला आणि शिरोळ ओलांडलं तेव्हा मिट्ट काळोख झाला.

"आता बघा, आण्णा!" असं म्हणून मी दिवे लावले.

रस्त्याकडेच्या झाडांचे शेंडे झळाळून उठले! पानन् पान मोजावं. झाडांवरचे बगळे दचकून कालवा करत उडाले. आणि खाली, चिमणाबाईच्या पुढं, जिथं रस्ता असायला हवा होता तिथं काळी पाटी. मी पुढं वाकलो, मान तिरकी केली, काच पुसली. रस्ता काही दिसेना. समोरून कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या बैलगाड्या येत होत्या. त्यातल्या पहिल्याच गाडीवरून एक बाई खणखणीत आवाजात म्हणाली, "पावणं, झाडावर काय हुडकतायसा?"

तेवढ्यात जळका वास आला. मग डॅशबोर्डाखालून धूर. मग दोन्ही दिवे एकदम गेले. जाड तार शाबूत होती, तिच्या मागची सगळी वायर जळाली होती! मीरासाबांनी सांगितलं होतं, अगदी तसंच. इंजिन तेवढं चालू होतं.

वाडी जेमतेम दोन-तीन मैल राहिली होती आणि पालखीची वेळ होत आली होती. मागच्या सीटवरून आण्णा एवढंच म्हणाले, "राहू दे, जावईबापू. नशिबात नसंल." ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांच्या त्या समजूतदार आवाजानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण त्या बाईनं, बयाबाई तिचं नाव, बैल थांबवून आमची अडचण ऐकली आणि गाडीखाली टांगलेला कंदील सोडून नंदिनीच्या हातात दिला. "न्ह्या ह्यो. वाडीत घाटाजवळ माझ्या भावाचं च्याचं दुकान हाय, तितं द्या. पर म्हाताऱ्यास्नी पालखी दावा."

नंदिनी खिडकीतून हात बाहेर काढून कंदील धरून बसली. त्या उजेडात चार हात रस्ता दिसत होता. पण वळण कुठं, ओढा कुठं, काय कळणार? तेव्हा आण्णा म्हणाले, "मला पुढं बसवा."

ते पुढं येऊन बसले, त्यांनी डोळे मिटून घेतले आणि एकदम हेडमास्तर झाले!

"सरळ चला. हळू. आता उताराला लागली न्हवं? खाली ओढ्यावरची मोरी हाय, मधनं घ्या. आता उजवीकडं गुऱ्हाळाचा वास येईल. आला? मग डावीकडं वळण. अहो, डावीकडं म्हणतोय मी! वर्गात असता तर छडी बसली असती!"

एकवीस वर्षं दर गुरुवारी पायाखाली घातलेला रस्ता. दोन धडधाकट डोळ्यांचा फिजिक्स मास्तर गाडी चालवत होता आणि मोतीबिंदू झालेला म्हातारा त्याला वाट दाखवत होता. एकही सूचना चुकली नाही. त्या दोन-तीन मैलांत आण्णांचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला. नंदिनी कंदील धरून रडत होती आणि हसतही होती.

आम्ही पोचलो तेव्हा पालखी नुकतीच उचलली होती. गर्दीतून वाट काढत आण्णांना पुढं नेलं. बत्त्यांच्या उजेडात पालखी अगदी हाताच्या अंतरावरून गेली. आण्णांनी हात जोडले.

"दिसली?" नंदिनीनं विचारलं.

"धुक्यातनं दिसावी तशी दिसली, नंदे. पण दिसली!" ते म्हणाले. मग माझा हात दाबून हळूच म्हणाले, "आणि जावईबापू, फार वर्षांनी कुणालातरी वाट दाखवायला मिळाली."

कंदील चहाच्या दुकानात पोचता केला. रात्री तिथंच एका ओळखीच्या पुजाऱ्यांच्या ओसरीवर पथाऱ्या टाकल्या आणि सकाळी लख्ख उन्हात परत आलो.

ऑपरेशन चांगलं झालं. महिन्याभरानं आण्णांना बाटलीच्या बुडासारख्या जाड काचांचा चष्मा मिळाला. तोवर चिमणाबाई अंगणातच उभी होती. ‘खास वायर मुंबईहून यायची आहे’ असं मी सगळ्यांना सांगत होतो. खरं म्हणजे मीरासाबांकडे जायला तोंड नव्हतं.

चष्मा लावून आण्णा अंगणात आले. नंदिनीकडे बघून म्हणाले, "किती वाळलीस गं!" माझ्याकडे बघून म्हणाले, "केस कुठं गेले सगळे?" मग त्यांची नजर गाडीवर गेली. ते दोन पावलं पुढं झाले, चष्मा सावरला आणि म्हणाले,

"चिमणाबाईच्या डोळ्यांखाली काजळ कुणी घातलंय?"

मी वाकून बघितलं. एकाहत्तर साली मी काचांचा वरचा भाग काळा केला होता. तो आता खाली होता. दोन्ही काचा मी उलट्या बसवल्या होत्या!

"हेच तर विचारत होते मी त्या दिवशी!" नंदिनी म्हणाली.

"अगं, मग नंतर तरी सांगायचं!"

"मला वाटलं, फिजिक्समध्ये तसंच असेल."

मुकाट्यानं मीरासाबांना बोलावून आणलं. त्यांनी वायर बदलली, माझे डबल पॉवरचे बल्ब काढून जुनेच घातले, काचा फिरवून सरळ केल्या आणि हसू दाबत म्हणाले, "काचंवर ह्या रेघा हायत न्हवं, त्या उजेड खाली वाकीवत्यात. उलट्या बसिवल्या की वर. ‘खूण करून काढा’ येवढंच सांगणार हुतो, मास्तर." मग खिशातून ब्लेड काढून फळ्याचा रंगही खरवडून टाकला. परिपत्रकाची वाट न बघता! आणि तेच जुने, मिणमिणते बल्ब सगळ्या गल्लीभर उजेड पाडू लागले.

आता आण्णा नाहीत, मीरासाब नाहीत, आणि चिमणाबाईला आठवा की नववा मालक घेऊन गेला त्यालाही जमाना झाला. शिरोळच्या रस्त्यानं जाताना गुऱ्हाळाचा वास आला की ‘डावीकडं म्हणतोय मी!’ असं कुणीतरी कानाशी ओरडेल असं वाटतं. कुणी ओरडत नाही, आणि मला फार चुकल्या-चुकल्यासारखं होतं.

मी शहाणा मात्र झालो. परवा स्वयंपाकघरातला दिवा लागेना. मी नवा बल्ब घेऊन स्टुलावर चढलो. जुना काढला, नवा बसवला, बटण दाबलं. काही नाही! तो काढून तिसरा बसवायला लागलो, तेवढ्यात खालून आवाज आला, "अहो, एक विचारू का?"

मी हातातलं काम तिथंच थांबवलं आणि अदबीनं म्हणालो, "विचार की!"

"सगळ्या गल्लीची वीज गेलीय, तुम्ही खाली कधी उतरणार?"