गुरुसिद्धप्पांची हजेरी

रोज संध्याकाळी आमची बेल वाजते. दारात गुरुसिद्धप्पा, आणि त्यांचा हात धरून धाकटा भाऊ मल्लू. "हाय का घरात कोण?" मी म्हणतो, "आहे की." ते घड्याळ बघतात, "आज उत्तराला वेळ लागला" म्हणतात आणि पुढच्या दारी जातात. शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात यातून कुणी सुटलेलं नाही.

सगळा दोष नोकरीचा. ते नकाशांच्या कंपनीत आहेत. शहराचा नकाशा म्हणे एका जागी नसतोच. रस्ते एका गावच्या कॉम्प्युटरवर, पाण्याचे पाइप दुसऱ्यावर, घरं तिसऱ्यावर. आपण मागितला की सगळीकडून तुकडे येऊन जुळतात. एखाद्या कॉम्प्युटरनं उत्तर दिलं नाही, तर नकाशावर तेवढा भाग पांढरा. म्हणून प्रत्येकाला सारखं विचारत राहायचं, 'जागा आहेस का?', आणि एक झोपला तर दुसरा तयार ठेवायचा, हे यांचं काम.

"एकावर भिस्त ठिवू नये," हे त्यांचं पालुपद. त्यामुळे दूधवाले दोन, न्हावी दोन. घरच्या पूजेला स्वामीही दोन बोलावलेले. एक मंत्र म्हणत होते, दुसरे राखीव म्हणून पाटावर बसून होते. जेवायला मात्र राखीव स्वामीच जास्त वेळ बसले.

मल्लूच्या मिशा पिकल्यात, पण समज पाच वर्षांच्या पोराची. त्याची अंघोळ, खाणंपिणं सगळं गुरुसिद्धप्पाच बघतात. आमची ही एकदा बोलून गेली, "आणि मल्लूला दुसरं कोण हो?" त्यावर ते मल्लूचा हात धरून पुढच्या दारी गेले.

गेल्या महिन्यात ते बेल न वाजवता आत येऊन बसले. त्यांच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं होतं.

"मल्लूला बघाल का?"

"अहो, कधीही," मी म्हणालो.

"कधीही नको. कधीही म्हणणारे लई बघितले. जेवढं जमंल तेवढंच सांगा, पण तेवढं चुकवू नका."

म्हणजे इतकी वर्षं हा माणूस दारोदार फिरून मल्लूसाठी घर शोधत होता. आम्ही आपले हसत होतो.

ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. "दोन्ही वेळचं जेवण आणि झोपणं माझ्याकडं. अंघोळ ह्यांच्याकडं. झालं?"

गुरुसिद्धप्पांनी मान हलवली. डोळे पुसत म्हणाले, "वैनी, कडक भाकरी त्याला चाववत न्हाय, दुधात कुस्करून द्या. आनि मी दिसलो न्हाय की 'अण्णा कुटं' म्हणून सारखं विचारंल. दर वेळी उत्तर द्या."