चौथं प्रथिन

मंडळी, आमच्या प्रयोगशाळेत माझ्याइतका काटेकोर माणूस शोधून सापडणार नाही! हे मी नाही, माझी बायको म्हणते. अर्थात मी विचारल्यावर.

आमचं काम म्हणजे एकमेकांना चिकटून बसणाऱ्या प्रथिनांचा आकार शोधायचा. एका यंत्राने भागत नाही. एक त्यांचं वजन करतं, दुसरं क्ष-किरणांनी ढोबळ आकार सांगतं, तिसरं गोठवून फोटो काढतं. आमच्या जुडग्यात तीन प्रथिनं आहेत, हे मी दोन वर्षं खपून सिद्ध केलं होतं. शुक्रवारच्या बैठकीत तेवढं सांगितलं की माझी नोकरी कायम!

नमुने तयार करायचे शीतखोलीत. तिथे मी सासूबाईंनी विणलेला स्वेटर घालायचो. बाह्या वीतभर जास्तच लांब, हातमोज्यांवरून लोंबणाऱ्या, पण ऊब काय! बायकोचं मत, "आईला दुकानदाराने फसवलंय. लोकर कसली, नायलॉन आहे!" त्यावरून मायलेकींत महिनाभर धुसफूस चालू होती.

आणि सोमवारी वजनाच्या यंत्राने चौथं प्रथिन दाखवलं! क्ष-किरणांनाही जुडगं किंचित फुगलेलं दिसलं. फोटोत कडेला एक धुरकट ठिपका होता. मी डोळे बारीक केले, तर तोही प्रथिनासारखा दिसायला लागला.

"तीन-तीन साक्षीदार!" मी आमच्या प्रमुख बाईंना म्हणालो.

"पण ते आहे कोण?"

"वजनवाले शुक्रवारपर्यंत ओळख पटवतील."

"मग तोवर गप्प बसा."

मी गप्प बसलो. फक्त बायकोला सांगितलं. तिने फक्त आईला सांगितलं. सासूबाईंनी मात्र कुणालाच वगळलं नाही! गुरुवारी केस कापणाऱ्यानेसुद्धा माझं अभिनंदन केलं.

शुक्रवारी खोली गच्च भरली. शुभशकुन म्हणून मी तोच स्वेटर चढवला होता.

"चौथ्याचं नाव आता आमचे वजनवाले जाहीर करतील!" मी थाटात म्हणालो.

वजनवाला उठला, खाकरला. "केराटिन."

"म्हणजे कुणाचा तरी केस पडला," बाई म्हणाल्या.

"केस नाही बाई. मेंढीचं आहे."

एकेक नजर माझ्या बाह्यांवर येऊन थांबली. मी हात पाठीमागे घेतले.

"आणि ते फुगणं?" मी क्षीण आवाजात विचारलं.

"नमुना शिळा होता. गुठळ्या झाल्या."

"आणि ठिपका?"

"ठिपका आहे."

बाईंनी चष्मा पुसला. "ताज्या नमुन्यांतली तुमची तीन प्रथिनं तरी पक्की?"

"काळ्या दगडावरची रेघ!"

"मग तेवढंच लिहा. तुम्ही कायम. स्वेटर बाहेर!"

जीव भांड्यात पडला खरा, पण घरी सासूबाई वाट बघत बसल्या होत्या. मी खाली मान घालून सगळं सांगितलं.

त्यांनी स्वेटरची बाही चिमटीत धरून पाहिली. मग म्हणाल्या, "यंत्र मेंढीच म्हणालं?"

"हो."

"नक्की?"

"अगदी नक्की."

"ऐकलंस का गं!" त्या स्वयंपाकघराकडे बघून गरजल्या. "म्हणे नायलॉन!"

खरं सांगतो, दोन वर्षांत माझ्या संशोधनावर इतकं खूश कुणीच झालं नव्हतं.