‘ले’चा ‘ला’

हर्षलनं एक बटण दाबलं आणि सिंधूताईंच्या सहा वर्षांच्या मेहनतीतून ‘ले’ हे अक्षर साफ नाहीसं झालं.

सिंधूताई या हर्षलच्या आत्या, सोनाळ्याच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. गावातल्या म्हाताऱ्या बायकांच्या तोंडची वऱ्हाडी वाक्यं त्यांनी वह्यांत उतरवून घेतली होती. खामगावात संगणकाची कामं करणाऱ्या भाच्यानं ती एका मुक्त स्रोताच्या प्रणालीत चढवली. कुणीही फुकट वापरावी, कुणीही सुधारावी अशी ती प्रणाली. श्रमदानातून विहीर खोदावी आणि कठडा बांधायला मात्र कुणी येऊ नये, तसला कारभार.

एका रकान्यात वऱ्हाडी, शेजारी प्रमाण मराठी. प्रमाण रकान्यात कुठं ‘मले’, कुठं ‘तुले’ राहून गेलं होतं. एकेक कोण शोधणार? हर्षलनं हुकूम सोडला, ‘ले’ काढून ‘ला’ घाल. प्रणालीनं कोणत्या रकान्यात ते विचारलं नाही, ‘नक्की का?’ असंही विचारलं नाही. दोन्ही रकाने धुऊन काढले.

आत्या वाचू लागल्या. “‘लाकरू रडते.’ हे लाकरू काय व्हय बे?”

“लेकरू, आत्या. थोडं बिघडलं. आता वापस करतो.”

पण केलेलं मागे घ्यायची सोयच नव्हती. मग हर्षलनं उलटा हुकूम सोडला, ‘ला’ काढून ‘ले’ घाल.

“आता वाचून पाय.”

“लेकरू आलं, बरं झालं. पन ‘लेडू खाल्ले’? अन् हे ‘मले लेज वाटते’?”

“लाज, आत्या.”

“मंग वाटू दे ना थोडी!”

हर्षल आत्यांकडे वळला. “तुह्या वह्या पाहून नीट करू. कुठं हायेत?”

“रद्दीत देल्या. तूच म्हनलं होतं ना, समदं कॉम्प्युटरात हाय, घरात पसारा कायले?”

“मंग त्या बायाइले पुन्हा विचारू.”

“सोजराबाईले कुठं विचारतं?” आत्या म्हणाल्या. “तिले जाऊन दीड वर्ष झालं. अर्धी वाक्यं तिचीच होती.”

हर्षलला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की माणूस दुसऱ्यावर चिडतो. प्रणालीच्या तक्रारींचं पान उघडून तो खणखणीत लिहिणार होता, की बदल आधी दाखवत नाही, मागे घेता येत नाही, असली अवजारं लोकांच्या हाती देता कशाला? पण तीच तक्रार तिथं तीन वर्षांपासून पडून होती. खाली कितीतरी जणांनी आपापलं रडगाणं गायलं होतं. आणि सगळ्यांत वर एका स्वयंसेवकानं लिहिलं होतं, ‘सोपं काम आहे. मी घेतो. येत्या रविवारी करून देतो.’

आत्यांनी चष्मा सारखा केला. “हा कोन गावचा शहाना? फोन लाव त्याले. काऊन नाही केलं म्हना!”

हर्षल जागचा हलला नाही. “नाव वाच, आत्या.”

आत्यांनी नाव वाचलं. भाच्याकडे पाहिलं. पुन्हा वाचलं. त्या ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

“कोनता रविवार, बे?” त्यांनी हळूच विचारलं.